शरणपूरचा लोहार

गेल्या वैशाखात माझ्या साडूच्या मुलाचे लग्न नाशिकला होते. मरोळहून आम्ही पाचजण गेलो. मी, सौ., मुलगी, धाकटा मुलगा आणि माझी ऐंशीच्या घरातली आई. हॉल शरणपूर रोडला होता. नाशिकला माझे जाणेयेणे लहानपणापासूनचे. आईचे माहेर सिन्नरच्या बाजूचे, म्हणून शरणपूर रोड हे नाव मी शेकडो वेळा ऐकले असेल. पण नाव ऐकणे वेगळे आणि त्याचा विचार करणे वेगळे. रिक्षात बसल्या बसल्या मुलीने विचारले, "पप्पा, शरणपूर म्हणजे काय? इथे कोण कोणाला शरण गेले होते?"

मला उत्तर देता आले नाही. रिक्षावाल्याला विचारले तर तो म्हणाला, "नाव आहे साहेब, आधीपासूनच आहे." आई तेवढी म्हणाली, "शरण म्हणजे आसरा गं. हरलेला माणूस शरण येतो तसं नाही. आपण सकाळी म्हणतो ना विहारात, तसं."

लग्न झाले, जेवणे झाली, आम्ही घरी आलो. पण तो प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना. मी जास्त शिकलेला माणूस नाही. बी. कॉम.ची परीक्षा रात्रीच्या कॉलेजातून दिली आणि बत्तीस वर्षे मरोळच्या एम. आय. डी. सी. मधल्या कारखान्यांत स्टोअरकीपर म्हणून काढली. तरी वाचनाची सवय आहे. ग्रंथालयात जाऊन जुनी पुस्तके चाळली, मुलीने तिच्या कॉलेजातून काही आणून दिले. त्यातून जे कळले ते आपल्या वाचक बंधू-भगिनींना सांगावे असे वाटले. आणि ते सांगताना माझ्या घरातली एक गोष्टही सांगावी लागेल. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नाही.

शरणपूर हे मुळात एक वसवलेले गाव. १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस नावाच्या इंग्रज पाद्र्याने नाशिकच्या वेशीबाहेर ते वसवले. ज्यांनी धर्म बदलला आणि त्यामुळे ज्यांना गावात थारा उरला नाही, अशा लोकांना राहायला जागा आणि हाताला काम मिळावे हा त्यामागचा हेतू. म्हणून नाव शरणपूर, म्हणजे आसऱ्याचे गाव. गोदावरीच्या एका तीरावर पंचवटी, दुसऱ्या बाजूला हे शरणपूर. नाशिक म्हटले की आपल्याला २ मार्च १९३० आठवतो, काळाराम मंदिराचे बंद दरवाजे आठवतात, आणि ते आठवायलाच हवेत. पण त्याच्या सत्तर वर्षे आधी त्याच शहराच्या कडेला गुलामगिरीतून सुटलेली माणसे राहत होती, हे मला माहीत नव्हते. आणि ती माणसे आपल्या देशातली नव्हती. ती आफ्रिकेतली होती.

त्या काळी आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलामांचा मोठा व्यापार चाले. आतल्या मुलखातून बायका, पोरे, पुरुष पकडून आणायचे, झांजिबारच्या बाजारात विकायचे आणि गलबतांत कोंबून अरबस्तानाकडे, इराणी आखाताकडे न्यायचे. इंग्रजांचे आरमार ही गलबते अडवीत असे. गलबतात सापडलेली माणसे सोडवली तरी त्यांना परत कुठे सोडायचे? गाव जळलेले, आईबाप मेलेले किंवा विकलेले. मग अशी बरीच मुले मुंबईच्या बंदरावर उतरवली गेली. त्यांच्यासाठी मुंबईत एक आश्रयगृह होते. आयझेनबर्ग नावाचे जर्मन पाद्री ते बघत. १८६० साली ती मुले शरणपूरला हलवली. तिथे लिहिणे-वाचणे, सुतारकी, लोहारकी, शेतीचे काम शिकवायचे. ही पोरे नाशिकच्या मातीत वाढली, इथल्या भाषा त्यांच्या कानांवर पडल्या. पुढे आफ्रिकेत गेल्यावर लोक त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले, म्हणजे मुंबईवाले.

त्यांतलाच एक मुलगा विल्यम हेन्री जोन्स. हे नाव अर्थातच मिशनने दिलेले. तो याओ जमातीचा, न्यासा सरोवराकडच्या मुलखातला. लहानपणीच पकडला गेला, विकला गेला, गलबतात चढवला गेला आणि सुटून मुंबईला पोचला. शरणपूरला तो लोहारकी शिकला.

इथे मी वाचता वाचता थांबलो. कारण माझे वडील. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. १९७२च्या दुष्काळानंतर ते मरोळला आले आणि फोर्जिंगच्या कारखान्यात घणावर लागले. भट्टीतून लाल लोखंड चिमट्याने काढायचे, ऐरणीवर धरायचे आणि दुसऱ्याने घण मारायचा. त्यांच्या हातांवर ठिणग्यांचे डाग होते, काळ्या तिळांसारखे. जातीने लोहार नसताना लोहारकी केली म्हणून गावाकडचे काही लोक हसत. दादा म्हणायचे, "लोखंडाला जात विचारता येत नाही, तापलं की वाकतं." शरणपूरच्या त्या काळ्या पोराच्या हातांवरही तसेच डाग पडले असतील.

१८६४ साली विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे नाशिकहून आफ्रिकेला गेले. मोंबासा बंदराच्या आत रबाई नावाचा डोंगराळ भाग आहे. तिथे रेबमन नावाचे पाद्री एकाकी काम करीत होते. त्यांच्या मदतीला हे तरुण गेले. ज्या किनाऱ्यावरून मुलगा म्हणून विकला गेला, त्याच किनाऱ्यावर तो धर्मोपदेशक होऊन परत गेला. आता त्यांना अहोजाहो केले पाहिजे.

नाशिकच्या इतर मुलांचीही कामगिरी लहान नाही. डेव्हिड लिव्हिंगस्टन या प्रवाशाचे नाव शाळेच्या पुस्तकांत असते. तो १८६५ साली नाशिकला आला आणि शरणपूरची नऊ मुले बरोबर घेऊन गेला. पुढे आणखी काही गेली. १ मे १८७३ रोजी लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आतल्या भागात मरण पावला, तेव्हा त्याच्या माणसांनी त्याचा देह वाळवून, गुंडाळून, हजार मैलांहून अधिक वाट तुडवून किनाऱ्यावर आणला. त्यांत नाशिकचे विद्यार्थी होते. जेकब वेनराइट या शरणपूरच्या मुलाने तिथल्या झाडावर त्याचे नाव कोरले. १८७४ साली लंडनला वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये दफन झाले तेव्हा तो हजर होता. साहेबाचा पुतळा झाला. खांद्यावरून आणणाऱ्यांची नावे कोणाच्या पाठ नाहीत.

१८७३ साली झांजिबारच्या सुलतानाशी इंग्रजांचा करार झाला आणि समुद्रावरून गुलाम नेण्यावर बंदी आली. तो करार घडवून आणायला बार्टल फ्रिअर गेले होते. हे गृहस्थ आधी मुंबईचे गव्हर्नर होते. ग्रँट रोड स्टेशनजवळचा फ्रिअर ब्रिज त्यांच्याच नावाचा. करारानंतर सुटलेल्या माणसांची संख्या वाढणार हे उघड होते. मग प्राइस पाद्री मोंबासाला गेले आणि १८७५ साली बेटासमोरच्या किनाऱ्यावर जमीन घेऊन एक नवे गाव वसवले. नाव ठेवले फ्रिअर टाऊन. शंभराहून अधिक मुंबईवाले तिथल्या वस्तीचा कणा होते. शिक्षक, सुतार, लोहार, दुभाषे, उपदेशक असे सगळे तेच. गलबतावरून उतरलेल्या भेदरलेल्या माणसांना पहिला दिलासा त्यांनी दिला. तुम्ही जिथून आलात तिथूनच आम्हीही आलो, हे सांगण्याचा हक्क त्यांनाच होता.

त्या गावात एक मोठी घंटा लावली होती. गुलाम पकडणारे येताना दिसले की ती वाजवायची, म्हणजे माणसे सावध होत. स्वाहिली भाषेत घंटेला केंगेले म्हणतात. मोंबासात त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात, म्हणजे घंटेपाशी. शरणपूर या नावाचे जसे झाले तसेच. नाव राहिले, कारण विसरले.

पण गाव वसले म्हणजे माणूस सुखी झाला असे नव्हे. फ्रिअर टाऊनमध्ये गोऱ्या अधिकाऱ्यांचा कारभार होता. सुटून आलेल्या माणसांना शिस्तीच्या नावाखाली तिथेही फटके मारले गेले. १८८१ साली त्याची चौकशी झाली आणि वस्तीच्या गोऱ्या व्यवस्थापकाला जावे लागले. नाशिकहून गेलेल्या शिकलेल्या माणसांना गोऱ्यांपेक्षा कितीतरी कमी पगार, कमी मान. ते विचारू लागले की देवापुढे सारखे, तर पगारपत्रकावर का नाही? या प्रश्नासाठी पुढे जोन्स यांनी राजीनामाही दिला. हे वाचून मला कारखान्यातले दिवस आठवले. एकाच मशीनवर कायम कामगार आणि कंत्राटी कामगार. काम एक, पाकीट दोन.

१८८५ साली जोन्स आणि सेमलर यांना बिशप हॅनिंग्टन यांनी दीक्षा दिली. त्याच वर्षी जुलैत बिशप युगांडाकडे निघाले, दोनशेहून अधिक हमालांचा तांडा घेऊन, आणि जोन्स यांना बरोबर घेतले. वाटेत बिशपनी बहुतेक माणसे जोन्स यांच्या हवाली केली आणि स्वतः पन्नास माणसांनिशी पुढे गेले. २९ ऑक्टोबर १८८५ रोजी युगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकुमाने त्यांना ठार मारले. परक्या मुलखात, धान्य संपत आलेले, दीडशेवर माणसे, आणि पुढारी मेलेला. जोन्स यांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग सगळ्यांना घेऊन परतीची वाट धरली. १८८६च्या फेब्रुवारीत तांडा रबाईला पोचला. पुढे निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या कापडाची अक्षरे शिवली होती. त्यांचा अर्थ होता, वैभव गेले. लोहारकी शिकलेल्या एका माजी गुलामाने दीडशे माणसे जिवंत घरी आणली. या एका गोष्टीवरसुद्धा माणूस मोठा ठरतो.

पण मला त्यांची आठवण राहील ती याहून वेगळ्या गोष्टीसाठी. रबाईच्या डोंगरावर जोन्स यांच्या देखरेखीखाली गाव वाढत होते. तिथे येणारे सगळेच काही आरमाराने सोडवलेले नव्हते. किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम रात्री-बेरात्री येत. त्यांना तिकडे वटोरो म्हणत, म्हणजे पळून आलेले. समुद्रावरून गुलाम नेण्यावर बंदी होती, पण जमिनीवर गुलाम बाळगणे सुलतानाच्या राज्यात कायदेशीरच होते. म्हणजे पळालेला माणूस कायद्याने चोर, आणि चोरलेला माल कोणता, तर त्याचे स्वतःचे अंग! मालक चिडले होते, हल्ल्याच्या धमक्या येत होत्या. मिशनच्या वरिष्ठांनी सांगून ठेवले होते की पळालेल्यांना आसरा देऊ नका, आपण अडचणीत येऊ. कागदावर नियम तसा होता. डोंगरावर मात्र जोन्स दार उघडत होते. आलेल्याला झोपडीला जागा दाखवायची, कुदळ द्यायची, पेरायला सांगायचे.

आता घरातली गोष्ट सांगतो.

१९९३ सालचा मे महिना. आमची खोली मरोळ पाइपलाइनच्या बाजूला, दहा बाय बारा. दादा, आई, मी, दोन बहिणी. मुंबई तेव्हा दंगली आणि बॉम्बस्फोटांतून नुकतीच सावरत होती. कोणाच्याही घरी अनोळखी माणूस दिसला तरी शेजारी विचारत. अशा वेळी एका पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी, दारावर थाप पडली. आईच्या माहेरच्या गावची एक बाई, कडेवर चार वर्षांचा मुलगा. भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून पळून ठाण्यापर्यंत चालत आलेली, पुढे कोणी टेम्पोवाल्याने सोडलेली. तिचा नवरा आजारात गेला होता. त्याने मुकादमाकडून उचल घेतली होती, अठ्ठावीसशे रुपये. नवरा गेला, उचल तिच्या डोक्यावर. आठ महिने विटा थापल्या, हिशेब केला की उचल तेवढीच. खर्ची, आजारपण, दंड, सगळे वर चढलेले. तिने जायचे म्हटले तर मुकादमाने मुलाला ठेवून जा म्हटले. त्या रात्री ती मुलाला घेऊन निघाली.

आईने काही विचारले नाही. स्टोव्ह पेटवला, चहा टाकला, पोराला भाकरीचा तुकडा दिला. म्हणाली, "बस गं."

मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. परीक्षा चालू होती, रात्री खोलीत दिव्याखाली अभ्यास करायचो. आता तिथे आणखी दोन माणसे. शेजारी कुजबुजू लागले. चौथ्या दिवशी चाळीच्या तोंडाशी दोन माणसे चौकशी करून गेली असे कोणीतरी सांगितले. मी घाबरलो. पोलीस येतील, दादांची नोकरी जाईल, माझे वर्ष जाईल. आई पाण्याच्या रांगेत होती, बहिणी बाहेर, दादा फर्स्ट शिफ्टला. मी त्या बाईला म्हणालो, "मावशी, आमची खोली लहान आहे. लोक विचारायला लागलेत. तुम्ही दुसरीकडे कुठे बघता का?"

तिने माझ्याकडे पाहिले. रागावली नाही, रडली नाही. "बरं बाळा," म्हणाली. गाठोडे घेतले, पोराला उठवले आणि गेली. मी पुस्तक उघडून बसलो. त्यातली एक ओळ माझ्या डोक्यात शिरली नाही.

आई हंडे घेऊन आली. "ती कुठे गेली?" मी म्हणालो, "गेली. तीच म्हणाली जाते म्हणून." आईने हंडे तसेच दारात ठेवले आणि पायात चप्पल न घालता निघाली. तासाभराने दोघी परत आल्या. मरोळ नाक्याच्या बसथांब्यावर आईला ती सापडली होती. कुठल्या बसने कुठे जायचे हे ठाऊक नव्हते म्हणून तीन-चार बस सोडून ती तशीच बसून होती. आईने मला एक शब्दही विचारला नाही. ती बाईही काही बोलली नाही.

त्या दिवशी दादा संध्याकाळी आले आणि आईने त्यांना सगळे सांगितले. दादांनी चाळीतल्या चार जाणत्यांना बोलावले. भिशीचे पैसे, कोणाचा ओव्हरटाइम, कोणाची कानातली. अठ्ठावीसशे रुपये जमले. दोघे-तिघे दादांबरोबर जाऊन मुकादमाला पैसे देऊन आले, आणि कागदावर लिहून घेतले की या बाईकडे आता काही येणे नाही. तो कागद दादांनी तिच्या हातात दिला. चाळीतल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हा सर्वांना वाटले आता ही पाया पडेल.

ती म्हणाली, "भाऊ, पैसे त्याला का दिले? विटा तर मी थापल्या."

सगळे गप्प झाले. कोणी म्हणाले, बाईला कदर नाही. दादा मात्र रात्री बराच वेळ जागे होते. आईला म्हणाले, "ती बोलली ते खोटं नाही."

आता पुन्हा रबाईला जाऊ. १८८८ साली इंग्रजांच्या नव्या व्यापारी कंपनीचे प्रशासक जॉर्ज मॅकेन्झी मोंबासाला आले. मालकांचा राग शिगेला पोचला होता, कारण पळालेले शेकडो गुलाम मिशनच्या वस्त्यांत राहत आहेत हे आता उघड झाले होते. तोडगा निघाला तो असा : गुलामांना परत द्यायचे नाही, पण मालकांना दर माणशी भरपाई द्यायची. तशी भरपाई दिली गेली, आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईला समारंभ झाला. चौदाशेहून अधिक माणसांना सुटकेचे कागद मिळाले. म्हातारे झालेले प्राइस पाद्रीही तिथे होते. १ जानेवारी ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. रबाईच्या माणसांनाही ती वेगळ्या कारणाने पाठ झाली असेल.

चौदाशे माणसे मोकळी झाली हा आनंद खराच. त्यांतल्या प्रत्येकाला ज्याने आधी जागा दिली, तो शरणपूरचा लोहार नसता तर समारंभ कोणासाठी करणार होते? पण माझ्या कानात मावशीचा प्रश्न वाजला. पैसे मालकाला का दिले? वर्षानुवर्षे मळे कसले ते यांनी. इंग्लंडनेही १८३३ साली आपल्या वसाहतींतली गुलामगिरी कायद्याने संपवली तेव्हा मालकांना दोन कोटी पौंड दिले होते आणि गुलामांना काही नाही. जग मोठे असले तरी हिशेबाची वही सगळीकडे एकाच हाताने लिहिलेली दिसते.

आणि याहून मोठी गोष्ट मला फार उशिरा कळली. आपल्या देशात वेठबिगारी पद्धत निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला आहे. त्याप्रमाणे अशी वेठीला बांधणारी उचल आपोआप रद्द होते. ती फेडायची नसते, इतकेच नव्हे तर ती वसूल करणे हाच गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे. म्हणजे १९९३ साली त्या बाईचे मुकादमाला एक पैसा देणे नव्हते. तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करायची असते. हे दादांना माहीत नव्हते, चाळीत कोणालाच माहीत नव्हते. कानातली विकून आम्ही गुन्हेगाराची भर केली. बाई अडाणी होती, पण कायदा तिच्या तोंडून बोलला. भट्टीवर, ऊसतोडीला, खाणीवर उचल घेऊन जाणारी आपली माणसे आजही आहेत. म्हणून हे मुद्दाम लिहितो. घरात वाचून दाखवा.

मावशी पुढे मरोळलाच राहिली. बांधकामावर बिगारी केली, मुलाला शिकवले. तिने आम्हाला कधी अंतर दिले नाही आणि मीही तिला कधी तोंडावर काही बोललो नाही. २०११ साली ती गेली. मुलगा आय. टी. आय. करून फिटर झाला, मरोशीकडे राहतो. या नाशिकच्या प्रवासानंतर मला राहवेना. एका रविवारी त्याच्या घरी गेलो आणि सगळे सांगितले. तुझ्या आईला त्या दिवशी मी घराबाहेर काढले होते, तू तिच्या कडेवर होतास.

तो म्हणाला, "काका, आई वेगळंच सांगायची. म्हणायची, तुमच्या घरात जागा नव्हती म्हणून मीच निघाले, पोराची परीक्षा होती. तुमचं नाव तिने कधीच घेतलं नाही."

म्हणजे ज्याने तिला आसरा नाकारला, त्याला तिने अठरा वर्षे पाठीशी घातले.

घरी येऊन आईला सांगितले. आई तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं. हंडे ठेवताना तुझं तोंड बघितलं होतं ना." मग थोड्या वेळाने म्हणाली, "माणूस घाबरतो रे. पण दार लावायच्या आधी घाबरावं आणि मग उघडावं."

आपले मरोळ तरी काय आहे? कोंडिविट्याच्या डोंगरात आपल्या भिक्खूंची लेणी आहेत. खाली सीप्झच्या आवारात १५७९ सालच्या चर्चचे पडके अवशेष आहेत. १८४० साली साथ आली आणि तिथले लोक गाव सोडून मरोळला आले. नंतर १९७३ साली सीप्झ झाले, कारखाने आले, दुष्काळातून उठलेली आमच्यासारखी माणसे आली. जो आला तो कोणाच्या तरी ओट्यावर पहिली रात्र झोपला. गाव घरांनी वसत असेल, पण पहिल्या रात्रीच्या त्या ओट्यांचा हिशेब कुठल्याच कागदावर नसतो.

शरणपूरच्या पोरांनी आफ्रिकेत नेलेले शिक्षण काय होते हे मला आता थोडे कळते. लोहारकी होती, लिहिणे-वाचणे होते, धर्मही होता. पण लहानपणी कोणीतरी आपल्याला आत घेतले होते, ही आठवण त्याहून मोठी होती. विल्यम जोन्स यांनी वरिष्ठांचा नियम मोडून दार उघडले ते त्या आठवणीच्या बळावर असेल, असे मला वाटते. माझ्या आईने अनवाणी मरोळ नाका गाठला तेव्हा तिने जोन्सचे नाव ऐकले नव्हते. आता ऐकले आहे. मुलीने तिला सगळी गोष्ट सांगितली. निळे निशाण आणि घंटा या दोन गोष्टी तिला फार आवडल्या.

मावशीच्या मुलाकडे दादांनी लिहून घेतलेला तो कागद अजून आहे. प्लॅस्टिकच्या पिशवीत, आईच्या फोटोमागे ठेवलेला. मी तो हातात घेऊन वाचला. खाली मुकादमाचा अंगठा आहे आणि साक्षीदार म्हणून दादांची वेडीवाकडी सही. मावशीचे नाव मजकुरात आहे, पण सही करायला तिला कोणी सांगितले नव्हते. येत्या महिन्यात तो मुलगा आणि मी मिळून वस्तीत एक फलक लावणार आहोत, उचलीचा कायदा सोप्या मराठीत लिहून, खाली तहसील कार्यालयाचा पत्ता देऊन. फलकाच्या डोक्यावर काय लिहायचे ते ठरले आहे. मावशीचाच प्रश्न लिहिणार आहोत, विटा कोणी थापल्या?